खरा अभिप्राय चपलांपाशी

माणसाला बोलतं करणं हा माझा डाव्या हातचा मळ आहे. हे स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून मलाच सांगावं लागतं. सतरा वर्षं मी लोकांची मतं गोळा करतो आहे. आधी मुंबईत साबणावर, मग दुबईत टूथपेस्टवर, डायपरवर आणि एकदा उंटाच्या दुधाच्या आइस्क्रीमवर. मार्केट रिसर्च म्हणतात याला. "माणसाच्या पोटात शिरून खरं बाहेर काढायचं," हे वाक्य मी जेवताना इतक्या वेळा म्हटलं आहे की ते सुरू झालं की आमची मिहिका कानात इअरफोन घालते. माझं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, "डेटा बदलायचा नाही. आवडो न आवडो, आला तसा द्यायचा." तेही तिला पाठ आहे. या दुसऱ्या वाक्याने माझा कसा घात केला, तेच सांगायला बसलो आहे.

गोष्ट २००८च्या डिसेंबरातली. ऑक्टोबरपर्यंत आमच्या डिपार्टमेंटमध्ये अकरा जण होते. मग मंदी आली. बॉसने केबिनमध्ये बोलावलं की माणूस जाताना डायरी घेऊन जायचा आणि येताना रिकामा खोका घेऊन यायचा. डिसेंबर उजाडला तेव्हा आम्ही दोघेच उरलो होतो, मी आणि कॉफी मशिन. त्यातही मशिनचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत नक्की होतं.

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात बाडबिस्तरा आवरून निघायचं. एरवी मी म्हटलं असतं, चला पुण्याला. पण मिहिका दहावीला होती आणि तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. जानेवारीत निघावं लागलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं. प्रमिला, म्हणजे आमची सौभाग्यवती, रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की आधी माझ्या हातांकडे बघायची, खोका आहे का ते. मला फार वाईट वाटायचं.

अशात एकवीस तारखेला मिस्टर व्हिटलॉकनी मला बोलावलं. व्हिटलॉक आमचे बॉस, यॉर्कशायरचे, अतिशय सभ्य गृहस्थ. मी डायरी न्यायचं टाळलं, म्हटलं अपशकुन नको.

ते इंग्रजीत बोलले, मी सोयीसाठी मराठीत सांगतो. लंडनच्या एका चॅनेलला त्यांचे नाताळचे कार्यक्रम आखातात दाखवायचे होते. ते भारतीय कुटुंबांना कसे वाटतात हे त्यांना हवं होतं. गेल्या वर्षीच्या नाताळातले चार कार्यक्रम आणि राणीचं भाषण, असं सगळं डीव्हीडीवर आलं होतं. पंचवीस प्रेक्षक गोळा करायचे, दाखवायचं, फॉर्म भरून घ्यायचे आणि तीस तारखेला रिपोर्ट पाठवायचा.

"लंडन खूश झालं तर डिपार्टमेंट राहील," व्हिटलॉक म्हणाले. मग त्यांनी खिडकीबाहेर थांबलेल्या क्रेनकडे पाहिलं.

"सर, डोन्ट वरी," मी म्हटलं. "पंचवीस जण मी एका दुपारी बसवतो. माय ओन पीपल, सर. ते माझ्याशी खोटं बोलणार नाहीत."

घरी येऊन प्रमिलाला सांगितलं. ती गवार मोडत होती.

"घरी बोलावून मत विचारणार?" ती म्हणाली. "आपल्या घरी?"

"मग काय हॉटेलात? आपली मराठी मंडळाची माणसं आहेत. मस्त वडे करतो मी."

"तुम्ही वडे करणार?"

"का?"

"काही नाही. तुम्ही एक्स्पर्ट," असं म्हणून ती पुन्हा गवारीकडे वळली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला, आमच्या दुबईच्या करामा भागातल्या वन बेडरूमच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं बसली. शारजाहून विलासराव आणि कुंदावहिनी आले होते. अल ऐनहून आमच्या मंडळाचे अध्यक्ष मुरलीधरपंत दीड तास गाडी हाकत आले. मिहिकाचं अभ्यासाचं टेबल हॉलमधून उचलून बाहेरच्या दाराच्या आत, पॅसेजमध्ये ठेवलं होतं. ती गणितं सोडवत तिथे बसली होती, आणि दर दहा मिनिटांनी जीव जातोय असा उसासा टाकत होती.

कार्यक्रम छानच होते. बर्फात बुडालेल्या गावात पाद्र्याचा खून होतो, ही एक रहस्यकथा. दुसरी विनोदी, एक आजोबा सांताक्लॉज बनून स्वतःच्याच धुराड्यात अडकतात. तिसऱ्यात एक कुटुंब वृद्धाश्रमातल्या आईला नाताळपुरतं घरी आणतं. चौथा स्वयंपाकाचा, त्यात एक बाई सव्वा तास एक टर्की भाजते. लोकांना इंग्रजी उच्चार कळायला जड जाऊ नयेत म्हणून मी मधूनमधून रिमोटने थांबवून समजावून सांगत होतो. एका हाताने वडे फिरवत होतो. स्वतःचं कौतुक नाही करत, पण यजमान असावा तर असा.

शेवटी फॉर्म वाटले, भरून घेतले. मंडळी "वा, वा, छान झालं" म्हणत बाहेर पडली. मी दार लोटून घेतलं आणि हॉलमध्ये येऊन फॉर्म मोजले. पंचवीसच्या पंचवीस. प्रमिलाला म्हटलं, "बघ. डाव्या हातचा मळ."

रविवारी सकाळी (इथे कामाचा आठवडा रविवारीच सुरू होतो) व्हिटलॉकनी फॉर्म चाळले. वाचता वाचता त्यांचा चष्मा हळूहळू नाकाच्या शेंड्यावर आला.

"शैलेंद्र," ते म्हणाले, "या सगळ्यांनी दहापैकी दहा दिले आहेत."

"येस सर. सुपरहिट."

"एकाने अकरा दिले आहेत."

ते विलासराव. त्यांना मी जागच्या जागी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "शुभकार्यात शून्यावर आकडा सोडत नाहीत रे, वर एक ठेवावा." हे यॉर्कशायरच्या माणसाला कसं सांगणार? मी म्हटलं, "कल्चरल, सर."

"आणि हे काय?" त्यांनी एकेक फॉर्म वाचायला घेतला. पाद्र्याच्या खुनाबद्दल एकाने लिहिलं होतं, 'मन प्रसन्न झाले.' धुराड्यात अडकलेल्या आजोबांबद्दल, 'नियोजन उत्तम, चहा वेळेवर.' टर्कीबद्दल, 'अल्पोपाहार चविष्ट, सौ. प्रमिलाताईंचे विशेष आभार.' आणि खाली, सगळ्यांचं, जणू एकाच हाताने लिहिलेलं, 'असे कार्यक्रम वारंवार व्हावेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

आता मराठी वाचकाला काय ते कळलंच असेल. मला मात्र तेव्हा कळलं. माझ्या माणसांनी फॉर्म भरलाच नव्हता. त्यांनी मंडळाच्या अभिप्राय वहीत लिहितात तसं लिहिलं होतं. ज्याच्या घरी बसलो, ज्याचं खाल्लं, त्याच्या कार्यक्रमाला नावं ठेवायची? मग तो कार्यक्रम लंडनमध्ये का बनला असेना. आमच्या हॉलमध्ये लागला म्हणजे तो माझाच.

"लंडनला वाटेल की हे सगळे फॉर्म तू एकट्याने बसून भरलेस," व्हिटलॉक हळू आवाजात म्हणाले. "मला मंगळवारी चारच्या आत खरी मतं हवीत. आय अ‍ॅम सॉरी, शैलेंद्र."

मी जागेवर येऊन फोन लावायला सुरुवात केली. पहिला कुंदावहिनींना.

"वहिनी, परवाच्या कार्यक्रमांबद्दल जरा मोकळेपणाने सांगा ना."

"अहो, फारच छान होते भाऊजी."

"तसं नको. काहीतरी वाईट सांगा."

"वाईट?" वहिनींचा आवाज चढला. "तुमच्या घरी येऊन, चार वडे खाऊन मी वाईट सांगू? भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठीक आहे. पण हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. दोन तरी दोष काढा."

"प्रमिला आहे का तिथे?" वहिनींनी घाबरून विचारलं. "तिला फोन द्या बरं."

एका तासात बातमी शारजापासून अल ऐनपर्यंत पोचली. शैलेंद्र लोकांना फोन करून स्वतःचे दोष विचारतो आहे. नोकरी गेली असणार. माणूस खचला आहे.

मग माझ्याच फोनची घंटा वाजू लागली. "माझे मी दहा लिहिले होते ना, ते अकरा करा," एकजण म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं की पाद्र्याचा खून त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही, इतका सुंदर झाला होता. मुरलीधरपंतांनी अध्यक्ष या नात्याने पाऊण तास धीर दिला. मी म्हणत होतो, "पंत, मला स्तुती नको," आणि ते म्हणत होते, "हेच, हेच न्यूनगंडाचं लक्षण."

सोमवारी संध्याकाळी घरी पोचलो तर डायनिंग टेबलावर सात डबे. साबुदाण्याची खिचडी, मऊ भात, कुणाकडची बिनतिखटाची आमटी. आजाऱ्याला देतात ते सगळं होतं. विलासराव शारजाचा ट्रॅफिक जॅम पार करून स्वतः आले होते आणि सोफ्यावर माझा हात हातात धरून बसले होते.

"माझे अकरा होते ना? एकवीस कर," ते गहिवरून म्हणाले. "अरे जॉब काय, आज जातो उद्या मिळतो. इन्शाल्ला सगळं ठीक होईल."

"विलासराव, अजून गेलेला नाही. पण तुम्ही एकवीस दिलेत तर नक्की जाईल."

त्यांना वाटलं मी भ्रमात बोलतो आहे. त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. तेवढ्यात वॉचमन नूरुद्दीन वर आला. सकाळपासून आमच्याकडे डबे घेऊन येणारी, मान खाली घातलेली माणसं त्याने पाहिली होती. दारातूनच दबक्या आवाजात त्याने विचारलं, "साब, घर में सब ख़ैरियत? कोई गुज़र तो नहीं गया?"

"अजून नाही," प्रमिला मराठीतच म्हणाली आणि त्याच्या हातात खिचडीचा डबा दिला.

विलासराव गेल्यावर मी सोफ्यावर डोकं धरून बसलो. सतरा वर्षांची विद्या, आणि स्वतःच्या पंचवीस माणसांकडून एक खरं वाक्य निघेना. मिहिका पाणी प्यायला आली.

"बाबा, नोबडी लाइक्ड द मर्डर वन," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"दे सेड सो. फ्रायडेला. शूज घालताना."

मी मान वर केली. ती आत जाऊन गणिताची रफ वही घेऊन आली आणि मागची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची आहे, आणि फार विचार करून चालते. पंचवीस माणसांना सात खेपा लागतात. तेवढा वेळ मंडळी आमच्या दाराबाहेर चपलांच्या रॅकपाशी उभी राहतात. दार लोटलेलं असतं, यजमान आत असतो, खाल्लेलं पोटात असतं. अशा वेळी मराठी माणूस खरं बोलतो. आणि दाराच्या आतल्या बाजूला, वीतभर अंतरावर, कंटाळलेली मिहिका टेबलाशी बसलेली होती.

"तू हे सगळं लिहून घेतलंस?"

"आय वॉज बोअर्ड. ऑलवेज लिहिते. सिन्स एट्थ."

मी वाचू लागलो. 'पाद्र्याची बहीण चहा देताना डोळे चोरत होती, मला पाचव्या मिनिटाला कळलं. त्या इन्स्पेक्टरला दीड तास लागला, आणि म्हणे स्कॉटलंड यार्ड.' 'हसायची टेप त्यांनीच लावली आहे, मग आपण कशाला बसायचं?' 'एवढा मोठा पक्षी, आणि त्याला नुसतं मीठ-मिरी. आलं-लसणाची पेस्ट मिळत नाही का लंडनमध्ये?' 'बारा माणसं जेवली, एकाने तरी स्वतःचं ताट उचललं का? ती माउली एकटी किचनमध्ये.' 'राणीचं भाषण बघा, दहा मिनिटांत आटोपलं. आपल्या अध्यक्षांना दाखवा कुणीतरी.'

आणि एका ओळीपाशी मी थांबलो. अक्षर मिहिकाचं होतं, पण बोलणं कुंदावहिनींचं होतं हे लगेच कळलं. 'त्या म्हातारीला एक दिवसासाठी घरी आणलं, टोपी घातली, केक दिला, आणि दिवे लागायच्या आत पोचवून आले. सगळे हसत होते, मला मात्र हसू येईना. आमच्या सासूबाई पुण्याला एकट्या आहेत. आम्ही तर वर्षातून एकदाच जातो.' मला गलबलून आलं. प्रमिलाने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि किचनमध्ये निघून गेली.

"मिहिका," मी म्हटलं, "पोरी, तू मला वाचवलंस. हे आत्ता इंग्रजीत टाइप करू. नावं काढून नंबर घालू."

मग मी पान उलटलं.

'वडे गार होते.' 'गार नव्हते, गारठलेले होते.' 'हा मधेमधे थांबवून समजावत काय होता? आपण काय इंग्रजी पहिल्यांदा ऐकतोय?' 'खुनी कोण ते त्यानेच आधी सांगून टाकलं.' 'सोफा अजून तोच आहे बाई. दोन हजार दिरहॅममध्ये चांगला मिळतो, म्हणजे सव्वीस हजार रुपये, अगदीच काही जास्त नाही.'

एकूण एकसष्ट वाक्यं होती. त्यातली बेचाळीस ब्रिटिश टेलिव्हिजनवर. उरलेली एकोणीस माझ्यावर.

"ही एकोणीस गाळू या," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. "त्यांचा विषयाशी संबंध नाही."

मिहिकाने इअरफोन कानातून काढला. "डेटा बदलायचा नाही," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "आवडो न आवडो, आला तसा द्यायचा."

किचनमधून प्रमिलाच्या हसण्याचा आवाज आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती.

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मी संगणकासमोर बसलो होतो. एकोणीस ओळी निवडून ठेवल्या होत्या, एक बटण दाबलं असतं की गेल्या असत्या. पण सतरा वर्षं ज्या दोन वाक्यांवर पोट भरलं, त्यातलं पहिलं तर रविवारीच बुडालं होतं. म्हटलं, दुसरं तरी राहू दे. एकसष्टच्या एकसष्ट ओळी पाठवून दिल्या आणि कॉफी मशिनपाशी जाऊन उभा राहिलो. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तरी मार्चपर्यंत होतं.

चार जानेवारीला व्हिटलॉकनी बोलावलं. या वेळी ते माझ्याकडे बघत होते, क्रेनकडे नाही.

"लंडन म्हणतं, इतकी प्रामाणिक मतं त्यांना त्यांच्या देशातही मिळालेली नाहीत. सात नंबरच्या बाईंचं म्हातारीबद्दलचं वाक्य त्यांनी भिंतीवर लावलं आहे. डिपार्टमेंट राहणार, निदान हे वर्ष तरी. ईस्टरचे कार्यक्रमही आपल्याकडेच. तेच पंचवीस लोक, तेच घर."

मिहिकाची मार्चमधली परीक्षा डोळ्यांसमोर आली.

"फक्त पुढच्या वेळेसाठी लंडनच्या दोन सूचना आहेत," व्हिटलॉक म्हणाले आणि चष्मा सावरून त्यांनी वाचलं, "कार्यक्रम चालू असताना यजमानाने बोलू नये. आणि वडे गरम असावेत. या दोन मुद्द्यांवर, शैलेंद्र, पॅनेलचं मत फारच स्पष्ट आहे."

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आम्ही सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं. वडे पुन्हा मीच केले, कढईतून थेट ताटात. एक शब्द बोललो नाही. मंडळी तिळगूळ घेऊन भरपूर गोड बोलली. मुरलीधरपंत म्हणाले असे वडे त्रिभुवनात नाहीत, विलासरावांनी मला एकशे एक मार्क दिले. मी मान डोलावली. मला आता हॉलमधल्या गोड बोलण्याचा भाव कळला होता.

मंडळी उठली, दार लोटलं गेलं. मी चोरपावलांनी पॅसेजमध्ये मिहिकाच्या टेबलापाशी गेलो आणि दाराला कान लावला. चपलांची खरखर झाली. लिफ्ट खाली कुठेतरी विचार करत होती.

"बरं झालं हो, नोकरी राहिली त्याची," विलासरावांचा आवाज आला. "माणूस चांगला आहे."

"चांगलाच आहे," कुंदावहिनी म्हणाल्या. "प्रश्नच नाही."

हॉलमध्ये म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. पण हे चपलांपाशी म्हटलं होतं, म्हणजे खरं होतं.

"वड्यांत मात्र मीठ घालायचं विसरलाय," वहिनी पुढे म्हणाल्या, आणि लिफ्ट आली.

मी खाली वाकून मिहिकाच्या कानात म्हटलं, "आधीचं लिहिलंस ना? बास, तिथेच थांब."

तिने मान वर न करता मीठही लिहिलं.

मी किचनमध्ये गेलो आणि उरलेल्यातला एक वडा तोंडात घातला. खरंच नव्हतं हो.